कूलंट होजचा प्लास्टिक कनेक्टर पुन्हा पुन्हा तुटत असेल तर

गाडीच्या कूलंट होजला जोडणारा प्लास्टिकचा कनेक्टर तुटतो, तो बदलला जातो, आणि काही महिन्यांनी तोच किंवा त्याच्या शेजारचा कनेक्टर पुन्हा गळू लागतो. पहिल्या वेळी कारणाचा फार शोध घेण्याची गरज नसते, कारण अनेक वर्षे उष्णता सोसलेले प्लास्टिक कधी ना कधी तुटणारच. दुसऱ्या वेळी मात्र नवा कनेक्टर आणण्याआधी जुना कसा तुटला हे पाहणे आवश्यक ठरते. त्याचा सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे तुटलेला तुकडा, आणि नेमका तोच घाईघाईत कचऱ्यात जातो. म्हणून पहिली सूचना अशी की, काम स्वतः करणार असाल किंवा मेकॅनिककडून करवून घेणार असाल, तरी तुटलेले सगळे तुकडे आणि जुनी ओ-रिंग (जोडातून गळती रोखणारे रबरी कडे) जपून ठेवावी.

हे कनेक्टर बहुधा काचेचे तंतू मिसळलेल्या नायलॉनचे असतात. नवे असताना हे नायलॉन चिवट असते. होजला थोडा हिसका बसला तरी ते तग धरते. पण चालत्या इंजिनात कूलंटचे तापमान साधारण ९० ते १०५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहते, आणि गरम पाणी व ग्लायकॉल यांच्या सततच्या संपर्कात नायलॉनच्या लांब साखळ्या हळूहळू तुटत जातात. त्यात रोजचे तापणे आणि थंड होणे चालूच असते. परिणामी बाहेरून धडधाकट दिसणारा कनेक्टर आतून ठिसूळ झालेला असतो आणि शेजारचे दुसरे काही काम करताना होजला हात लागला, एवढ्या निमित्तानेही मोडतो. अशा वेळी दोष हात लावणाऱ्यावर येतो, हे थोडे अन्यायाचेच आहे.

गळती ओळखणे

पूर्ण तुटलेला कनेक्टर शोधावा लागत नाही. वाफ, गाडीखालचे थारोळे आणि वर चढणारा तापमानाचा काटा हे सगळे एकदमच दिसते. अवघड असते ती बारीक तड. टाकीतील पातळी आठवड्याला थोडी थोडी उतरते, गोडसर वास येतो, जमिनीवर मात्र काहीच सांडलेले नसते, कारण झिरपलेला थेंब तापलेल्या इंजिनावरच वाळून जातो. त्याची खूण मागे राहते: जोडाभोवती पांढरट, हिरवट किंवा गुलाबी रंगाची खरपुडी जमते. बॉनेट उघडून टॉर्चच्या उजेडात प्रत्येक जोडाची खालची बाजू पाहावी. वरची बाजू स्वच्छ असते म्हणून फसगत होते. हाताचा आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा आत घालून फोटो काढला, तर मागच्या बाजूचे जोडही पाहता येतात.

काही गळत्या फक्त इंजिन गरम असताना होतात, तर काही फक्त थंड असताना. इंजिन बंद केल्यावर पंप आणि वाऱ्याचा झोत थांबतो, त्यामुळे आतील उष्णता काही मिनिटे उलट वाढते आणि दाबही टिकून राहतो. गाडी लावल्यानंतर दिसणारे थेंब याच वेळचे असतात. याउलट, ओ-रिंग कडक होऊन आकसली असेल, तर थंड सकाळी जोड झिरपतो आणि तापून फुगला की बंद होतो. म्हणून तपासणी दोन्ही अवस्थांत करावी. कूलिंग सिस्टिमचा हातपंप मिळाला तर काम सोपे होते: इंजिन पूर्ण थंड असताना कॅपच्या जागी पंप लावावा, कॅपवर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्यावा आणि पाव तास काटा उतरतो का ते पाहावे. हा आकडा बहुतेक गाड्यांत १ ते दीड बारच्या आसपास असतो. त्याहून जास्त दाब देऊन ‘खात्री’ करून घेण्याच्या नादात चांगले जोडही फुटतात.

कूलंट कमी असताना तापमानाच्या काट्यावर फार विसंबू नये. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला नसून हवेत किंवा वाफेत राहिला, तर इंजिन प्रचंड तापलेले असूनही काटा सामान्य जागी राहू शकतो. हीटर अचानक थंड हवा फेकू लागणे ही अशा वेळी काट्याहून चांगली सूचना असते.

तुटलेला तुकडा काय सांगतो

तुकडा धुऊन, पुसून, उजेडात धरून पाहावा.

नळीच्या मानेपाशी, म्हणजे जिथे बारीक नळी जाड भागाला मिळते तिथे, सरळ आडवा तुटलेला कनेक्टर बहुधा वाकवणाऱ्या जोरामुळे तुटतो. होज आखूड आहे, पीळ घेऊन बसवली आहे, तिचा मूळ आधार देणारी क्लिप गहाळ आहे, किंवा इंजिनाचे माउंटिंग (इंजिनाला चॅसिसवर धरून ठेवणारा रबरी आधार) खचले आहे, यांपैकी काहीतरी असते. माउंटिंगचे रबर फाटलेले असेल, तर प्रत्येक वेळी गियर टाकताना आणि वेग वाढवताना इंजिन डुलते, आणि इंजिनावरून चॅसिसकडे जाणारी प्रत्येक होज ताणली जाते. रबराची होज ते सहन करते. तिच्या टोकाचे प्लास्टिक करत नाही. वारंवार तुटणाऱ्या कनेक्टरच्या तक्रारीत माझा पहिला संशय माउंटिंगवर असतो, कारण कूलंटची गळती शोधणारा माणूस तिकडे पाहतच नाही. पार्किंग ब्रेक ओढून, ब्रेक पेडल दाबून, गाडीसमोर कोणीही उभे नाही याची खात्री करून, एकाने इंजिन चालू ठेवावे व गियरमध्ये हलकासा जोर द्यावा, आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून इंजिन किती उचलले जाते ते पाहावे. थोडीशी हालचाल असणारच; धक्का देऊन उचलले गेले तर माउंटिंग तपासून घ्यावे.

लांबीच्या दिशेने उभी चीर गेली असेल तर दोन शक्यता राहतात. पहिली, स्क्रूचा क्लॅम्प गरजेहून जास्त आवळला गेला आहे. अशा वेळी चिरेच्या जागी पट्ट्याचा ठसा उमटलेला दिसतो. दुसरी, आतला दाब मर्यादेबाहेर गेला आहे. प्रेशर कॅपची झडप अडकली असेल तर दाब बाहेर सोडला जात नाही आणि सगळ्यांत दुबळा जोड फुटतो. कॅप हा स्वस्त आणि दुर्लक्षित भाग आहे. कनेक्टर दुसऱ्यांदा तुटला की कॅप तपासून घ्यावी किंवा सरळ बदलावी, मात्र आकडा मूळ कॅपचाच हवा. दाब वाढण्याचे गंभीर कारण म्हणजे हेड गॅस्केटमधून (सिलिंडर हेड आणि इंजिन ब्लॉक यांमधील सीलमधून) ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये शिरणे. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच रेडिएटरची वरची होज दगडासारखी कडक होत असेल, किंवा टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर नवा कनेक्टर बसवण्याआधी निळ्या द्रावाची रासायनिक चाचणी करून घ्यावी. ज्वलनाचे वायू असतील तर पेट्रोल गाडीत तो द्राव पिवळा पडतो.

तुकडा तपकिरी पडला आहे, नखाने दाबला तरी चुरा होतो, कडा खडबडीत आहेत: हे निव्वळ उष्णतेने आलेले म्हातारपण. मग प्रश्न एवढाच राहतो की ते अपेक्षेपेक्षा लवकर आले का. एक्झॉस्टजवळचा उष्णतारोधक पत्रा कोणी काढून ठेवला असेल, कूलंट अनेक वर्षे बदलले नसेल, किंवा रेडिएटरचा पंखा उशिरा लागत असेल, तर नवा कनेक्टरही त्याच वाटेने जाईल. शिवाय एक कनेक्टर या अवस्थेला पोचला असेल, तर त्याच्यासोबत बसवलेले बाकीचेही तितकेच जुने आहेत. आज एक बदलला, महिन्याने दुसरा गेला, असे झाल्यावर लोक ‘पुन्हा तोच प्रॉब्लेम’ म्हणतात. खरे तर तो प्रत्येक वेळी वेगळा भाग असतो. एकदा कूलंट रिकामे केलेच आहे तर त्या वाटेवरचे सर्व प्लास्टिकचे टी (तीन तोंडांचे जोड), एल्बो (वळणाचे जोड) आणि निपल (होज ज्यावर चढते त्या आखूड नळ्या) एकत्र बदलणे शहाणपणाचे ठरते.

चौथा प्रकार क्विक-कनेक्ट, म्हणजे क्लॅम्पशिवाय नुसते दाबून अडकवायच्या जोडांचा. त्यांत तारेची लॉक क्लिप आणि ओ-रिंग असते. क्लिप अडकवणारे कान मोडलेले असतील, तर जोड ओढून काढताना किंवा अर्धवट बसवून ठोकताना तो मोडलेला असतो. ओ-रिंग गोल न राहता चपटी, चौकोनी झाली असेल तर ती वयाने गेली. फुगून मऊ, लिबलिबीत झाली असेल तर तिला खनिज तेल किंवा ग्रीस लागले आहे. कूलंटच्या जोडांतील ओ-रिंग सहसा ईपीडीएम रबराच्या असतात, आणि हे रबर कूलंटला जितके टिकाऊ, तितकेच खनिज तेलापुढे हतबल असते. बसवताना ‘सरकायला सोपे जावे’ म्हणून लावलेले साधे ग्रीस हे नवा जोड पुन्हा गळण्याचे एक अगदी साधे कारण आहे.

जुना कनेक्टर काढणे

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय कॅप उघडू नये. निम्मे पाणी आणि निम्मे इथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण साध्या दाबाला सुमारे १०७ अंशांना उकळते. १ बार जादा दाबाखाली तेच १२५ अंशांच्या पुढे जाते. म्हणजे दाबाखाली शांत वाटणारे कूलंट कॅप सैल होताच एकदम उकळून अंगावर येऊ शकते. बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी, कारण काही गाड्यांत किल्ली बंद असतानाही पंखा सुरू होतो. गाडीखाली जायचे असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावेत. निघालेले कूलंट रुंद भांड्यात धरावे आणि झाकून ठेवावे. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते, आणि जनावरे ते चाटतात. ते गटारात किंवा मातीत ओतू नये.

होजवरचा स्प्रिंग क्लॅम्प पकडीने दाबून मागे सरकवावा. होज थेट ओढण्याऐवजी आधी गोल फिरवून सुटी करावी. चिकटलेली असेल तर वाकड्या टोकाच्या हुकाचे टोक कडेने फिरवून थोडे कूलंट आत सोडावे. एवढे करूनही न सुटल्यास होज बदलण्याची तयारी ठेवून तिला लांबीच्या दिशेने चीर द्यावी. हीटर कोअरच्या (डॅशबोर्डमागच्या, केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरच्या) नळ्यांवर जोर मात्र कधीच लावू नये. त्या पातळ असतात, आणि एक वाकली की डॅशबोर्ड उघडण्याची वेळ येते.

खरा त्रास होतो तो कनेक्टरचा अर्धा भाग इंजिनाच्या भोकात अडकून मोडल्यावर. जनरल मोटर्सच्या ३८०० मालिकेच्या व्ही-६ इंजिनांवरचे प्लास्टिकचे एल्बो यासाठी बरेच प्रसिद्ध आहेत. ते हात लावताच मोडतात आणि मागे ठिसूळ कडे उरते. असे उरलेले कडे स्क्रू ड्रायव्हरने ठोकून आत ढकलण्याचा मोह टाळावा. आधी भोकात खोलवर दोरा बांधलेले फडके कोंबावे, म्हणजे चुरा आत जाणार नाही आणि फडकेही विसरणार नाही. मग सुट्या हॅक्सॉ ब्लेडने किंवा तापवलेल्या सोल्डरिंग इस्त्रीने कड्यात एक खाच पाडावी आणि कडे आतल्या बाजूला मिटवून चिमट्याने काढावे. ब्लेड धातूला लागू देऊ नये. ओ-रिंग बसते त्या पृष्ठभागावर आडवा ओरखडा उमटला, तर नवी ओ-रिंगही तिथून झिरपते. काम झाल्यावर फडके काढण्याआधी व्हॅक्यूमने चुरा ओढून घ्यावा. सुटलेला तुकडा थर्मोस्टॅटमध्ये, म्हणजे कूलंटचा प्रवाह तापमानानुसार उघडणाऱ्या झडपेत, अडकू शकतो आणि तो उघडाच किंवा बंदच राहतो. ‘कनेक्टर बदलल्यापासून गाडी तापते’ या तक्रारीमागे कधीकधी हाच तुकडा असतो. तुटलेले भाग जमवून, जोडून पूर्ण आकार होतो का ते पाहावे. तुकडे जपून ठेवण्याचा हा दुसरा उपयोग.

नवा भाग निवडणे आणि बसवणे

चिकटवून काम भागवता येईल का, हा प्रश्न नेहमी येतो. नायलॉनवर बहुतेक गोंद नीट धरत नाहीत, आणि जे धरतात ते गरम ग्लायकॉल व दाबापुढे टिकत नाहीत. इपॉक्सीने केलेला जोड वर्कशॉपपर्यंत पोचवील कदाचित, पण त्यावर भरवसा ठेवून लांबचा प्रवास करू नये. गळती बुजवणारी पूड किंवा द्राव मोडलेल्या कनेक्टरवर निरुपयोगी असतो आणि हीटर कोअरच्या बारीक वाटा मात्र बुजवू शकतो.

मूळ कंपनीचा किंवा तोलामोलाच्या उत्पादकाचा भाग गाडीच्या भाग क्रमांकावरून घ्यावा. नुसता आकार जुळणे पुरेसे नाही. निपलचा बाहेरील व्यास आणि होजचा आतील व्यास दोन्ही मोजावेत. हीटरच्या होज बऱ्याचदा १६ किंवा १९ मिलिमीटरच्या असतात, आणि यांतील गफलत क्लॅम्प आवळून भरून निघत नाही. धातूचा पर्याय मिळत असेल तर तो घ्यावा का? दोन रबरी होज जोडणाऱ्या साध्या टी किंवा सरळ जोडासाठी पितळ वा ॲल्युमिनियम उत्तम, आणि ३८०० इंजिनाच्या एल्बोंसाठी ॲल्युमिनियमचे पर्याय मिळतात तेही याच कारणाने. मात्र त्यात दोन अटी आहेत. धातूचा जोड जड असल्याने होजला आधार हवा, आणि कूलंटमधील गंजरोधक संपलेले असेल तर ॲल्युमिनियम आतून खाल्ले जाते. वाकवणारा जोर हे मूळ कारण असेल, तर धातू ते दूर करत नाही. तो जोर फक्त पुढच्या प्लास्टिकवर, बहुधा रेडिएटरच्या टाकीच्या निपलवर, जाऊन पडतो, आणि तो मोडल्यास रेडिएटरच बदलावा लागतो. क्विक-कनेक्ट जोडाच्या जागी जुगाड करून धातूची नळी आणि क्लॅम्प बसवणे मला पटत नाही, कारण त्या नळ्यांच्या टोकाला क्लॅम्पची होज धरून ठेवणारा उंचवटा नसतो.

होजचे टोक कडक, तडकलेले किंवा जुन्या क्लॅम्पने कातरलेले असेल, तर लांबी पुरत असल्यास तेवढा भाग कापून टाकावा, नाहीतर होज बदलावी. धातूचा पृष्ठभाग प्लास्टिकच्या पट्टीने आणि बारीक घर्षणाच्या कापडाने साफ करावा. नवी ओ-रिंग कूलंटने ओली करून किंवा सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात देऊन बसवावी. जुनी पुन्हा वापरू नये. क्विक-कनेक्ट जोड सरळ रेषेत दाबावा, ‘टक्’ आवाज यावा, आणि नंतर उलटा ओढून पाहावा. आवाज आला पण ओढल्यावर सुटला, असे होऊ शकते. ही तपासणी चुकवली तर जोड पहिल्या दाबाला निसटतो.

क्लॅम्प निपलच्या उंचवट्याच्या मागे, होजच्या टोकापासून थोडे आत बसवावा. प्लास्टिकच्या निपलवर मूळचा स्प्रिंग क्लॅम्पच बरा, कारण प्लास्टिक तापून फुगते, थंड होऊन आकसते, आणि स्प्रिंग त्यासोबत जुळवून घेते. स्क्रूचा क्लॅम्प वापरायचाच असेल, तर पट्ट्याच्या खाचांतून रबर वर येण्याआधी थांबावे. बोल्टने बसणाऱ्या फ्लँजचे (कनेक्टरच्या चपट्या, भोके असलेल्या कडेचे) बोल्ट आधी हाताने लावावेत आणि मग आलटून पालटून, पुस्तिकेत दिलेल्या बलानेच आवळावेत. प्लास्टिकच्या फ्लँजला एका बाजूने आधी आवळले की तो नवा असतानाच तडकतो.

कूलंट भरणे आणि हवा काढणे

पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकाराचेच कूलंट घ्यावे. रंगावरून प्रकार ठरवू नये, कारण रंगाला सर्वमान्य प्रमाण नाही. दोन वेगवेगळ्या रसायनांची कूलंट एकाच रंगाची असू शकतात आणि मिसळल्यास गाळ धरू शकतात. तयार मिश्रण नसेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मे-निम्मे करावे. नळाच्या पाण्यातील क्षार आत थर धरतात. नुसते पाणी भरून चालवणे आणीबाणीत ठीक, पण त्यात गंजरोधक नसते आणि ते लवकर उकळते.

भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, हवा काढण्याचे स्क्रू असतील तर उघडावेत आणि त्यातून बुडबुड्यांशिवाय धार येईपर्यंत हळूहळू ओतावे. गाडीचे नाक थोडे उंच असल्यास हवा भरण्याच्या तोंडाकडे सहज येते. इंजिन चालू करून रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबावे आणि हीटरमधून सतत गरम हवा येते का ते तपासावे. ती मध्येच थंड होत असेल तर आत अजून हवा अडकली आहे. अडकलेल्या हवेमुळे एखाद्या जागी वाफ होऊन तापमान आणि दाब उसळतात, आणि त्याचा मार पुन्हा नव्या कनेक्टरवरच बसतो.

दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पाहावी. ती थोडी उतरलेली असणे स्वाभाविक आहे, तेवढी भरून घ्यावी. त्यानंतर आठवडाभर रोज सकाळी टाकीवरच्या खुणेशी पातळी जुळते का ते पाहावे आणि नव्या जोडाभोवती कोरडा पांढरा कागद फिरवावा. कागद कोरडा असूनही पातळी उतरत राहिली, तर कूलंट दुसरीकडून जात आहे: समोरच्या प्रवाशाच्या पायाखालचा गालिचा ओला असेल तर हीटर कोअर, पंपाच्या खालच्या छिद्राशी खरपुडी असेल तर वॉटर पंप, आणि कुठेच काही नसेल तर पुन्हा तीच निळ्या द्रावाची चाचणी.

रस्त्यात कनेक्टर मोडला तर गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. मोडलेला जोड हीटरच्या फेऱ्यातील असेल, तर इंजिन थंड झाल्यावर जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही होज एका सरळ जोडाने एकमेकींना जोडून हीटर वगळता येतो आणि हळू वेगाने वर्कशॉप गाठता येते. होज नुसत्या बुच मारून बंद करू नयेत, कारण काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असतानाचा प्रवाह याच फेऱ्यातून फिरतो. रेडिएटरच्या मुख्य होजचा कनेक्टर गेला असेल तर मात्र गाडी ओढूनच न्यावी. कूलंटशिवाय चालवलेल्या थोड्या अंतरातही ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकू शकते.